देवळातली शंभर व्होल्टची लाइन : नऊ महिन्यांनंतर

आमच्या देवळात सध्या 250 वॉटच्या एका मशीनवर (ॲम्प्लिफायरवर) वीस स्पीकर वाजतात. शंभर व्होल्टच्या लाइनची, म्हणजे स्पीकरना आवाज चढ्या व्होल्टेजने आणि कमी करंटने पाठवायच्या पद्धतीची जोडणी गुढीपाडव्याला झाली, आता मार्गशीर्ष संपत आलाय.

पूर्वी आठ बॉक्स मंडपवाल्याने जमेल तसे गुंफले होते. पुढे बसणाऱ्यांचे कान किटायचे आणि शंभर मीटरवरच्या पंगतीच्या शेडमध्ये महाराज बोलतायत की गातायत तेही कळायचं नाही. दोष मशीनचा नव्हता. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन दोनशे मीटर, म्हणजे जवळपास अडीच ओम. पुढे चार ओमचा भार असेल तर चाळीसेक टक्के पॉवर वायरच गिळते. शंभर व्होल्टच्या लाइनवर 200 वॉटचा भार म्हणजे 50 ओम. तो सगळा टोकाला टांगला तरी वायरीत पाच टक्केही जात नाहीत.

प्रत्येक स्पीकरच्या पोटात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या टॅपवर, म्हणजे वॉट निवडायच्या स्विचवर, ठरतं कोणी किती वॉट घ्यायचे. सभामंडपात 20 वॉटचे चार कॉलम (उभे लांबट स्पीकर), शेडमध्ये 10 चे चार, ओवऱ्या आणि भक्तनिवासात 5 चे दहा, अंगणात 15 चे दोन भोंगे. बेरीज बरोब्बर 200. मशीनच्या ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, हा फिटरचा नियम.

श्रावणात मशीन तापायला लागलं. मी मल्टिमीटर लावला तर जेमतेम चार-पाच ओम, पोटात गोळाच आला! फिटर हसला. मल्टिमीटर फक्त ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध दाखवतो, आवाजाच्या विजेला होणारा एकूण अडथळा मोजायला इथे इम्पीडन्स मीटरच लागतो. त्याच्यावर पाडव्याला 50 च्या आसपास असलेला आकडा 42 वर आला होता. आचाऱ्याने "ऐकू येत नाही" म्हणून शेडमधले चारही टॅप 10 वरून 20 वर फिरवले होते! बेरीज 240, आणि आवाजात वाढ म्हणाल तर तीन डेसिबल. भांड्यांच्या खणखणाटात ती त्यालाही जाणवली नसणार. टॅप पूर्ववत केले, चिकटपट्टी लावली आणि स्पीकर पंगतीकडे वळवले. तक्रार गेली.

सप्ताहात मात्र मोठा घोळ झाला. एका उत्साही पोराने घरचा सोळा ओमचा भोंगा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट लाइनला जोडला. गणित केलं तर तो 625 वॉट मागत होता. भोंग्याचं युनिट जळालं, मशीनचा फ्यूज उडाला आणि वीसच्या वीस स्पीकर ऐन काल्याच्या कीर्तनात मुके. ही पद्धत लांब वायर निमूट सोसते, पण एक चुकीचा जोड सगळ्यांना घेऊन बसतो. आता सभामंडप आणि बाकीच्या लाइनींना वेगवेगळे स्विच केलेत. रात्री दहाला अंगणातले भोंगे बंद करायलाही ते बरे पडतात.

खरी नाराजी पखवाजाची. बोलणं स्वच्छ येतं, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर पेलत नाहीत. बास वाढवला की घुरघुर सुरू, म्हणून फिटरने खालचे सूर कापूनच टाकलेत. भजनाला धुमाचा (पखवाजाच्या डाव्या तोंडाचा) भरीव नाद हवा असेल तर सभामंडपापुरतं आठ ओमचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट स्पीकरला जोडायचं, वेगळं मशीन ठेवा. आम्ही जुन्यातले दोन बॉक्स तिथे परत लावले.

बाकी उरलेल्या 50 वॉटवर विश्वस्तांचा डोळा आहे. त्यांना शिखराजवळ आणखी एक भोंगा हवाय. दोन बैठका मी तो विषय टाळलाय.