गाडीमागे जुनं औजार ओढण्यासाठी सुटा लाइट बोर्ड: वस्तू चांगली, पण परवाना नव्हे

टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, दोन त्रिकोणी रिफ्लेक्टर, नंबरप्लेटची जागा आणि टोकाला सात पिनांचा प्लग असलेली केबल: सुटा लाइट बोर्ड म्हणजे एवढंच. जुन्या पेरणी यंत्राला किंवा गवत कापणीच्या यंत्राला दिवे कधीच नव्हते, त्यामुळे बोर्ड लागतोच. मात्र बोर्ड लावला की औजार खुशाल रस्त्यावर काढावं, हा समज तेवढा सोडून द्या.

आधी बसवणी. चुंबकी बैठकीचा बोर्ड सपाट पत्र्यावर घट्ट बसतो. जुन्या औजाराला सपाट पत्रा असतोच कुठे? गोल पाइपवर चुंबक एका रेघेपुरता टेकतो, बिडाच्या खडबडीत, गंजलेल्या भागावर नावापुरता, आणि पहिल्याच खड्ड्यात बोर्ड केबलला लोंबकळतो. सोबत येणाऱ्या लवचिक दोऱ्यांवरही भिस्त ठेवू नका. दोन यू-बोल्ट, खाली रबराचा तुकडा आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा), हेच टिकतं.

खरी अडचण रुंदीची. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत टेललाइट जमिनीपासून साधारण ३५० ते १५०० मिलिमीटर उंचीवर असावा आणि त्याची बाहेरची कड वाहनाच्या सर्वांत बाहेरच्या टोकापासून ४०० मिलिमीटरच्या आत असावी, असं आहे. औजार २.४ मीटर रुंद आणि बोर्ड १.२ मीटरचा असेल, तर दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर अंधारात राहतात. मागच्याला वाटतं, पुढे अरुंद ट्रेलर आहे. म्हणून अखंड फळीपेक्षा दोन सुटे दिवे असलेला प्रकार घ्यावा. रिफ्लेक्टर त्रिकोणीच हवेत, बाजू १५० ते २०० मिलिमीटर, टोक वर. लावताना उलटे होतात, हे नेहमीचंच.

युरोपीय पद्धतीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये वायरिंगचे रंग ठरलेले आहेत. १ पिवळा, डावा इंडिकेटर. २ निळा, मागचा फॉगलाइट. ३ पांढरा, अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत नेणारी वायर). ४ हिरवा, उजवा इंडिकेटर. ५ तपकिरी, उजवा टेललाइट. ६ लाल, ब्रेक. ७ काळा, डावा टेललाइट. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होत असेल किंवा टेललाइट इंडिकेटरच्या तालावर लुकलुकत असेल, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ तपासा. २१ वॉटचा एक बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. ब्रेकचे दोन, इंडिकेटरचा एक आणि टेललाइट मिळून सहा अँपिअरच्या आसपास करंट एकट्या पांढऱ्या वायरीतून परत येतो. आठ मीटर केबलमधली ही वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असली, तर एक व्होल्टहून जास्त तिथेच जातो. अर्थसाठी १.५ ची वायर असलेली केबल मागून घ्या. एलईडी बोर्डला करंट फारच कमी लागतो, पण काही गाड्या मग 'बल्ब गेला' असं समजून इंडिकेटर दुप्पट वेगाने मारतात. तिथे लोड रेझिस्टर (बल्बइतका करंट ओढणारा रोधक) लावावा लागतो. तो तापतो, प्लास्टिकला चिकटवू नका.

आता बोर्ड जे सोडवत नाही ते. शेती औजारांना मिळणाऱ्या सवलती बऱ्याच देशांत ट्रॅक्टरमागे, कमी वेगात ओढण्यापुरत्या असतात. तेच औजार कारच्या हुकाला अडकवलं की त्याच्याकडे साधा ट्रेलर म्हणून पाहिलं जाऊ शकतं. मग नोंदणी, विमा, ब्रेक हे सगळं ओघाने आलं. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारानुसार ७५० किलोपेक्षा जास्त अनुमत वजनाच्या ट्रेलरला ब्रेक लागतात. सुटल्यावर आपोआप लागणारा ब्रेक नसलेल्या हलक्या, एकाच आसाच्या ट्रेलरला मुख्य जोडाशिवाय साखळी किंवा तारदोर हवा, तोही असा की जोड निसटला तरी दांडी जमिनीला टेकू नये. जुन्या औजाराला तर ५० मिलिमीटरच्या टो-बॉलवर (कारच्या हुकाच्या गोळ्यावर) बसणारा कपलर, म्हणजे जोडाची पकडच नसते, असते फक्त पिनेची कडी. ती बॉलवर टाकून वरून तार गुंडाळणं हा शुद्ध आचरटपणा.

टायरवरचा कोड वाचा: ए६ म्हणजे जास्तीत जास्त ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. लोखंडी दातेरी चाकं असतील तर विषयच संपला, रस्ता खरवडतो. चाकात बेअरिंगऐवजी साधे बुश असतील, तर ते बैलाच्या किंवा ट्रॅक्टरच्या चालीसाठी केलेले असतात. ग्रीस कितीही भरा, कारच्या वेगाला हब हात लावता येणार नाही इतका तापतो. ज्या यंत्राला स्वतःच्या चाकांच्या फिरण्यातून गती मिळते, त्याचा क्लच सोडायला विसरलात, तर गिअर आणि पातं सगळा रस्ताभर फिरत राहतं. अशा यंत्रांना आमचा सल्ला सरळ आहे: नोंदणी असलेल्या फ्लॅटबेड ट्रेलरवर चढवा, चार रॅचेट पट्ट्यांनी बांधा.

बोर्डचा वायरलेस प्रकार मात्र नको. वाटेत त्याची बॅटरी उतरली, तर चालकाला ते बरेचदा कळतच नाही.