रेडियम जॅकेट: जाळीचं की कापडाचं? नाइटला वापरून झाल्यावरचं मत

आमचं काम हायवेवर पांढरे-पिवळे पट्टे मारायचं, थर्मोप्लास्टिकचं, म्हणजे गरम करून वितळवलेल्या रंगाचं. बहुतेक वेळा नाइटलाच, कारण दिवसा लेन बंद करायला कोणी देत नाही. एका बाजूला कोन लावलेले, पलीकडून कंटेनर सुसाट चाललेत आणि मध्ये आपली पोरं वाकून मशीन ढकलतायत. म्हणजे साहेब व्हिजिटला येणार म्हणून जॅकेट चढवायचं असला प्रकार आमच्याकडे चालत नाही. यावेळी मुंबईत नागदेवीच्या बाजारात जाऊन दोन्ही प्रकार आणले, जाळीचं साधारण ७० रुपयांवालं आणि कापडाचं ३५० च्या आसपासचं. ऊन-पाऊस दोन्हीत वापरून झालं म्हणून लिहितोय.

जाळीचं दिवसा झकास दिसतं, त्यात वाद नाही. तो फ्लोरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर पेटतो, म्हणून ढगाळ हवेत नि दिवस मावळताना सुद्धा उठून दिसतो. पण रात्री त्या रंगाचा काडीचा उपयोग नाही, रात्री सगळा खेळ जॅकेटवरच्या चमकणाऱ्या पट्टीचा, आणि स्वस्तातल्या जॅकेटात नेमकी पट्टीतच काटकसर केलेली असते. इंचभर रुंद, चंदेरी, बोटाने घासली की पापुद्रा निघतो. त्यावर थर्मोप्लास्टिकचा एक गरम थेंब उडाला की जाळीला भोक, दोन महिन्यांत चिंध्या.

चांगल्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात (काही पट्ट्यांत मण्यांऐवजी छोटे छोटे प्रिझम), ते हेडलाइटचा उजेड जिकडून आला तिकडेच परत फेकतात. आम्ही गरम पट्ट्यावर जे ग्लास बीड्स शिंपडतो त्याचंच तत्त्व. त्यामुळे दुकानातच बघून घ्यायचं: पोराला जॅकेट घेऊन गल्लीत दहा-पंधरा पावलं लांब उभं करा, मोबाइलची टॉर्च कानशिलाला लावून बघा, पट्टी पांढरी भगभगीत पेटली पाहिजे, मग टॉर्च हात लांब करून बाजूला धरा, आता ती मंदावली पाहिजे. दोन्हीकडून सारखीच दिसली तर ती नुसती चकचकीत आहे, ठेवून द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

लेबलवर आयएस १५८०९ (आपलं भारतीय स्टँडर्ड) किंवा ईएन आयएसओ २०४७१ (युरोपचं) आहे का तेही बघा. युरोपच्या त्या स्टँडर्डमध्ये पट्टी कमीत कमी ५ सेंटीमीटर रुंद लागते आणि क्लास जितका वरचा तितकं जॅकेट जास्त ठळक, क्लास २ ला एकूण ०.१३ चौरस मीटर पट्टी, क्लास ३ ला ०.२० लागते, म्हणून क्लास ३ नुसत्या बंडीत बसत नाही, बाह्या किंवा पँट जोडीला येते. अर्थात लेबल कोणीही शिवतं, टॉर्च मारायची ती मारायचीच.

कापडाच्या जॅकेटची पट्टी अजून टिकून आहे, पण उकडतं भयानक. त्यात शेजारी रंग वितळवायचा प्रीहीटर धगधगतोय. पोरं चेन उघडी टाकतात, मग पुढची पट्टी दोन्हीकडे लोंबते आणि समोरून माणूस अर्धाच दिसतो. माझ्या मते खांदे-छाती कापडाची, बगला जाळीच्या आणि पट्टी रुंद असं मिळालं तर डोळे झाकून घ्या, १०० रुपये जास्त गेले तरी चालतील. घातलं तरच उपयोग ना.

रंगाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पिवळी मशीन, पिवळा जेसीबी मागे असेल तर पिवळ्या-हिरव्या जॅकेटातला माणूस त्यातच मिसळून जातो, तिथे केशरी घ्या. कोन-बॅरिकेडची केशरी गर्दी असेल तर पिवळा-हिरवा बरा.

पावसात मण्यांची उघडी पट्टी मार खाते, आमचे रस्त्यावरचे पट्टे भर पावसात गायब होतात तसंच. प्रिझमवाली पट्टी तिथे बरी चालते. आणि जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून नाही. हसू नका, काळ्या रेनकोटखाली नवंकोरं जॅकेट घालून झेंडी दाखवणारे दर पावसाळ्यात दिसतात.

धुताना ब्रश नको, ब्लीच नको. डांबर लागलं तर रॉकेलने रगडू नका, पट्टी जाते.

शेवटची तक्रार छपाईची. पाठीवर कंपनीचं नाव छापून देतो म्हणाला दुकानदार, दिलं, आणि ते जाडजूड अक्षरात बरोबर पट्टीवरच ओढलं. पुढच्या ऑर्डरला दोन पट्ट्यांच्या मधे छाप म्हणून कागदावर काढून दिलंय.