बी-२४ लिबरेटर, १/७२ : अकरा महिन्यांनंतर

लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं खोकं उघडलं तेव्हा जुलै होता. रंगाचा शेवटचा हात बसला फेब्रुवारीत, आणि आज जूनमध्ये हे लिहितोय तेव्हा विमान आमच्या सांगलीच्या घरात फ्रिजवर उभं आहे. शोकेसमध्ये नाही, कारण तिथं ते मावत नाही. खऱ्या लिबरेटरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३३.५ मीटर. मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, म्हणून ७२ ने भागलं की साडेशेहेचाळीस सेंटिमीटर. हा भागाकार पैसे भरण्याआधी करायचा असतो, मी नंतर केला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका खोक्यावरून कुणाला नावं ठेवावीत असं वाटत नाही, आणि निम्म्या चुका माझ्याच आहेत. किटची किंमत साडेचार हजार, भाग दोनशेच्या आसपास, सगळं राखाडी प्लास्टिक. रंग, गोंद, पुट्टी आणि पॉलिश पेपर धरून आकडा सात हजारांच्या पुढं गेलाय, हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

बॉम्बर म्हटलं की लोक लँकेस्टर नाहीतर बी-१७ घेतात. दोन्ही दिसायला देखणे. लिबरेटर त्यांच्या शेजारी मालगाडीचा डबा वाटतो. पण माझे थोरले काका साठच्या दशकात पुण्याला लोहगावात इंजिन फिटर होते आणि त्यांच्या हाताखालून ही विमानं गेलीत. आपल्या हवाई दलाकडं लिबरेटर आले त्याची कथा मला त्यांच्याकडूनच कळली. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही विमानं कानपूरला टाकून दिली होती, आणि परत कुणी उडवू नयेत म्हणून जाताना त्यांची मोडतोडही केली होती. त्या भंगारातून एचएएल या बंगळूरच्या विमान कारखान्यानं चाळीसच्या वर विमानं उभी केली. ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये या विमानांवर पाच नंबरची स्क्वॉड्रन उभी राहिली. पुढं समुद्रावरच्या टेहळणीला सहा नंबरच्या स्क्वॉड्रननं ती वापरली, थेट १९६८ पर्यंत. अमेरिकेत अठरा हजारांच्या वर लिबरेटर बनले आणि युद्धानंतर बहुतेक वितळवले गेले. आज जगात जे मोजके शिल्लक आहेत त्यांतले बरेचसे भारतातून गेलेले आहेत. लंडनच्या आरएएफ म्युझियमला दिलेलं विमानही आपल्याकडचंच.

खोक्यात मात्र भारताचं नावनिशाण नव्हतं. डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, सगळी अमेरिकन, त्यात विमानाच्या नाकावर काढतात तसली एक बाई. ती आईच्या हाती लागायच्या आत ड्रॉवरमध्ये गेली.

मी मिरजेत एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवतो. बारीक काम, कोरणी, एअर कंप्रेसर हे रोजचंच, म्हणून वाटलं होतं हे आपल्याला डाव्या हाताचं. पहिला दणका पंखाच्या मुळाशी बसला. धड आणि पंख यांच्यामध्ये वरच्या बाजूला चांगली मिलिमीटरभर फट होती, ही मात्र किटचीच चूक. मी पुट्टी आणायचा कंटाळा केला आणि कवळी दुरुस्तीला वापरतो ते कोल्ड क्युअर भरलं. पावडर कालवायचं त्याचं लिक्विड मॉडेलच्या प्लास्टिकला विरघळवतं हे लक्षातच आलं नाही. सकाळी बघतो तर फटीच्या जागी खड्डा, आणि पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेघा मेणासारख्या वाहून गेलेल्या. मग रीतसर पुट्टी, तीन वेळा, आणि रेघा सुईनं पुन्हा कोरल्या. डावीकडं बघितलंत तर त्या अजूनही थोड्या वाकड्या आहेत. लॅबच्या बफिंग मशीनवर जोड घासायचा प्रयोगही करू नका. घर्षणानं कवळीला काही होत नाही, पण हे प्लास्टिक लगेच मऊ पडतं.

लॅबची एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे दातांना लावायची स्टीलची तार. लिबरेटरचा पंख लांब, अरुंद आणि बारीक. किटमध्ये तो नुसत्या दोन पट्ट्यांवर अडकतो. धडातून आरपार तार घातली आणि दोन्ही पंख तिच्यावर चढवले. अकरा महिन्यांत टोकं एक केसभरही खाली आलेली नाहीत.

कौतुक करायचं तर बॉम्ब ठेवायच्या पोटाचं. इतर बॉम्बरची दारं खाली लोंबतात, लिबरेटरची दुकानाच्या शटरसारखी बाहेरच्या अंगानं वर सरकतात. ती किटमध्ये उघडी लावता येतात आणि आतल्या फासळ्या इतक्या नाजूक दिल्यात की त्या रंगवताना मी दोन रविवार घराबाहेर पडलो नाही. इंजिनंही छान आहेत, दोन ओळींत सात-सात असे चौदाच्या चौदा सिलिंडर मोजता येतात. काचेचे भाग स्वच्छ, फक्त त्यांना सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी होते. साधं फेव्हिकॉल लावायचं, सुकल्यावर दिसत नाही.

आता शिसं. हे विमान नाकाखालच्या चाकावर उभं राहतं, आणि सगळं वजन मागं. नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. माहितीपत्रकात ३० ग्रॅम लिहिलंय. तेवढं घालून सेलोटेपनं जोडून बघितलं, तर बसलं शेपटीवर. मग गळाला बांधायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि एकेक वाढवत ४२ ग्रॅमला ते उभं राहिलं. पण नाकाला काचच काच, तर शिसं लपवायचं कुठं? पायलटच्या पायाखाली, चाकाच्या खोबणीच्या मागं, थोडं आतल्या दोन इंजिनांत. हा हिशोब धड मिटवायच्या आत करा. नंतर सगळे दरवाजे बंद होतात.

रंगाचं काम इथल्या हवेनं लांबवलं. भारतीय लिबरेटर बिनरंगाचे, उघड्या ॲल्युमिनियमचे होते. धातूचा रंग म्हणजे खालचा एकही ओरखडा लपत नाही. ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यात घासत बसलो. ऑगस्टमध्ये घाईनं वार्निशचा हात दिला आणि दमट हवेनं शेपटीवर दुधासारखा पांढरा पदर आला. दिवाळीपर्यंत सगळं झाकून ठेवलं. जानेवारीत हवा कोरडी मिळाली तर उसाचा हंगाम. गच्चीवर वार्निश मारून खाली चहाला गेलो, वर आलो तर उजव्या पंखावर जळक्या पाचटाची काळी राख चिकटलेली. सांगलीत राहणाऱ्यांनी मॉडेल बंद खोलीतच रंगवावं. गोल चिन्हं मी डेकल्सऐवजी रंगवूनच काढली: बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. मास्किंग टेपचे गोल कापायला कर्कटकाची सुई काढून ब्लेडचा तुकडा बसवला. डेकल्सपेक्षा हे चांगलं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीत काकांना दाखवायला घेऊन गेलो. वय ८३, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी विमान खिडकीपाशी धरलं, मग बोटांनी चाचपलं आणि पंखाच्या मुळाशी थांबले. "हितं काय झालंय?" एवढी पुट्टी, एवढी घासाघीस, आणि बोटाला कळलंच. पुढं म्हणाले, "आरं, पण एवढं चकाकतंय कशाला? आमची इमानं काय लग्नाला चालल्याली?" इंजिनांच्या मागं तेलाचे ओघळ पाहिजेत, धुराचा काळा पट्टा पंखावरून मागं गेला पाहिजे. आणि मग, "टेकू कुठाय?" उभ्या लिबरेटरच्या मागच्या भागात माणसं चढायची तर आधी शेपटीखाली टेकू लावत, नाहीतर खरं विमानही मागं बसायचं. म्हणजे ते ४२ ग्रॅम शिसं मी उगाच घातलं. काडेपेटीच्या काडीचा टेकू केला असता तरी चाललं असतं आणि जास्त खरं दिसलं असतं.

तेलाचे ओघळ काढले. पातळ केलेला काळपट तपकिरी ऑइल कलर, सुईच्या टोकानं. विमान आता जास्त विमान वाटतं.

इतक्या महिन्यांत काय टिकलं, काय नाही? धातूचा रंग टिकला, पण हात लागला की बोटांचे ठसे उठतात. एक मशीनगन साफसफाईत गेली, धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश घ्या, फडकं नको. अँटेनाची तार ताणलेल्या प्लास्टिकची केली होती, ती मार्चमध्ये तुटली. आता तिथं काळा दोरा आहे. आणि मे महिन्यात फ्रिजवरून विमान उचललं तर आत खुळखुळ. सुपरग्लूनं चिकटवलेली एक गोळी सुटली. शिसं इपॉक्सीत बुडवून बसवा, सुपरग्लूच्या भरवशावर राहू नका. माझ्या विमानात ती गोळी आता कायमची, धड फोडायची माझी तयारी नाही.

पहिलंच मॉडेल म्हणून हे घेऊ नका, एखादं एक इंजिनाचं लढाऊ विमान आधी करा. दोन-तीन झाली असतील तर घ्या, पण पुट्टी आणि शिसं आधीच आणून ठेवा. मी लँकेस्टर मागवलंय. ते माळ्यावर अगदी वर ठेवलंय, कारण २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटातली माझी शाळेतली विमानं कृष्णेनं नेली. पंख ४३ सेंटिमीटर, या वेळी आधी मोजलेत. दसऱ्याच्या आत खोकं उघडणार नाही.