उबुंटू की लिनक्स मिंट: पहिल्यांदाच लिनक्सकडे वळणाऱ्यांसाठी

विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि ज्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, अशा अनेकांनी त्यानंतर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा, विचार गांभीर्याने सुरू केला. थोडे वाचन आणि थोडी विचारपूस झाली की त्यांतले बरेच जण लिनक्सच्या दोन रूपांपाशी येऊन थांबतात: उबुंटू आणि लिनक्स मिंट. मी दोन्ही वापरली आहेत. उबुंटू आधी आणि बराच काळ, मिंट त्यानंतर आणि आजतागायत. पेनड्राइव्हवर आयएसओ (प्रणाली बसवण्याची फाइल) कशी चढवायची किंवा विंडोजशेजारी जागा कशी करायची, ही माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती इथे देत नाही. दोहोंतले कोणते घ्यावे, एवढ्याच प्रश्नाला धरून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ही निवड वाटते तितकी मोठी नाही. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच उभारलेली असते. मिंट 22 ची मालिका उबुंटू 24.04 वर आधारलेली आहे आणि दोहोंचा आधार 2029 पर्यंत आहे. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वेबकॅम यांपैकी जे एकावर चालते ते दुसऱ्यावरही बहुधा चालतेच. मराठीच्या बाबतीतही फारसा फरक पडत नाही. देवनागरी फॉन्ट, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे मिळतात. मात्र ज्यांचे काम श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग प्रणालींच्या फायलींवर, पेजमेकरवर किंवा कोरलड्रॉवर अवलंबून आहे, त्यांची अडचण दोन्हीकडे सारखीच राहील. त्यांनी विंडोज इतक्यात पुसून टाकू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

दिसण्यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप डाव्या कडेला उभी पट्टी ठेवतो आणि उघडलेल्या खिडक्या एकत्र पाहण्यासाठी वेगळा पडदा देतो. सवय झाली की तो आटोपशीर वाटतो. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ अशा ओळखीच्या मांडणीचा आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी संगणक लावून द्यायचा असेल, तर सिनॅमन समजावून सांगायला कमी वेळ लागतो. तरुण वापरकर्त्याला ग्नोमही तितकाच आवडू शकतो, आणि केवळ या मुद्द्यावर मी कोणाला एकापासून दुसऱ्याकडे वळवणार नाही.

माझा निर्णय झाला तो अपडेटच्या पद्धतीवरून. उबुंटूमध्ये सॉफ्टवेअर दोन वाटांनी येते. एक जुनी, उबुंटू ज्या डेबियन लिनक्सवर उभारले आहे त्याच्याकडून आलेली एपीटीची वाट. आणि दुसरी स्नॅप नावाची, जिच्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्याला लागणारे बरेचसे साहित्य स्वतःसोबत बांधून आणतो आणि बाकी यंत्रणेपासून थोडा वेगळा कोंडलेला राहतो. 22.04 या आवृत्तीपासून उबुंटूकडून फायरफॉक्स फक्त स्नॅपरूपात मिळतो. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) एपीटीला फायरफॉक्स बसवायला सांगितले तरी आतून स्नॅपच बसतो, 24.04 मध्ये थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रामही त्याच वाटेने गेला. यामागचे कारण पटण्यासारखे आहे. ब्राउझरला सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत लागतात, आणि प्रोग्रामचा एकच गठ्ठा उबुंटूच्या सगळ्या आवृत्त्यांवर चालत असेल तर त्या दुरुस्त्या लवकर पोहोचतात. कोंडलेल्या प्रोग्रामकडून नुकसान झालेच तर ते मर्यादित राहते, हाही त्याचा गुण मानला पाहिजे.

पण स्नॅपची यंत्रणा मुळात दिवसातून चार वेळा नवीन आवृत्ती आहे का ते पाहते आणि असल्यास स्वतःहून उतरवून घेते. प्रोग्राम उघडा असेल तर वरच्या बाजूला एक सूचना येते: फायरफॉक्सचे अपडेट थांबले आहे, अडथळा टाळण्यासाठी प्रोग्राम बंद करा, आणि सोबत किती दिवस शिल्लक आहेत त्याचा आकडा. मी दिवसभर ब्राउझरमध्येच काम करतो. एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला मूळ मजकूर, तिसरीकडे अर्धवट भरलेला एखादा सरकारी फॉर्म अशा अवस्थेत ती सूचना आली की हातातले काम सुटते, आणि ती मिटवली तरी पुन्हा येते. शहरातल्या अखंड ब्रॉडबँडवर हे कोणाला जाणवणारही नाही. कोकणातल्या घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना मात्र कोणते अपडेट केव्हा उतरवायचे हे मला स्वतः ठरवायचे असते, कारण त्या दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत पुरवायचा असतो. हा काही उबुंटूचा बिघाड नव्हे, ते त्याचे विचारपूर्वक स्वीकारलेले धोरण आहे. माझ्या कामाच्या रीतीशी ते जुळले नाही, इतकेच.

हे बदलता येत नाही असेही नाही. स्नॅपची अपडेट्स एका आज्ञेने अनिश्चित काळासाठी रोखता येतात, आणि मोझिला 2024 पासून स्वतःच फायरफॉक्सचा डेबियन पद्धतीचा गठ्ठा पुरवते. तो स्रोत जोडून त्याला अग्रक्रम दिला की स्नॅपशिवायचा फायरफॉक्स उबुंटूवरही उत्तम चालतो. मी काही काळ तसेच वापरले. पण हे उपाय करायचे तर टर्मिनल उघडावे लागते, अग्रक्रमाची फाइल लिहावी लागते, आणि नवख्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत हे करायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

मिंटने नेमक्या याच मुद्द्यावर वेगळी भूमिका घेतली आहे. 2020 साली आलेल्या मिंट 20 पासून स्नॅपची यंत्रणा आपोआप बसू नये म्हणून एपीटीच्या अग्रक्रमांमध्ये एक छोटी फाइल ठेवलेली असते. ज्याला स्नॅप हवा आहे त्याने ती काढून टाकावी, त्याला कोणी अडवत नाही; पण न विचारता तो येत नाही. फायरफॉक्स तिथे साध्या गठ्ठ्याच्या रूपात मिळतो आणि बाकीच्या यंत्रणेबरोबरच अद्ययावत होतो.

मिंटचा अपडेट मॅनेजर कसा चालतो हे थोडे जवळून सांगतो, कारण रोजच्या वापरात या प्रणालीशी संबंध सर्वाधिक इथेच येतो. खालच्या पट्टीवर ढालीचे एक लहान चिन्ह असते आणि काही नवीन आले की त्याचे रूप बदलते. उघडल्यावर यादी दिसते: सुरक्षेची अपडेट्स वेगळ्या चिन्हाची, कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) वेगळी, नेहमीची सॉफ्टवेअर वेगळी. प्रत्येकापुढे चौकट असते, ती रिकामी केली की ते अपडेट त्या वेळेपुरते वगळले जाते. खालच्या ओळीत निवडलेल्या अपडेट्सची संख्या आणि ती किती एमबीची आहेत हे लिहिलेले असते. हॉटस्पॉटवर असताना मी सुरक्षेची तेवढी निवडतो आणि बाकीची शहरात परतल्यावर घेतो. एखाद्या गठ्ठ्यावर उजवी कळ दाबून तो कायमचा किंवा फक्त त्या आवृत्तीपुरता दुर्लक्षितही करता येतो. ज्यांना हे काहीच पाहायचे नसेल, त्यांच्यासाठी आपोआप अपडेट करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, फक्त ती मुळात बंद असते. सुरुवातीला हाच अपडेट मॅनेजर टाइमशिफ्ट लावून घेण्याची आठवण करतो. टाइमशिफ्ट यंत्रणेच्या फायलींची प्रत ठरलेल्या वेळी घेऊन ठेवते, म्हणजे एखादे अपडेट बिनसले तर आदल्या दिवसाच्या स्थितीत परतता येते. हे साधन उबुंटूवरही बसवता येते. मिंटमध्ये ते आधीपासून आहे आणि समोर ठेवलेले आहे.

जागेचाही थोडा फरक जाणवतो. स्नॅप प्रत्येक प्रोग्रामची मागची आवृत्तीही साठवून ठेवतो, शिवाय त्याला आधार देणारे मोठे सामाईक गठ्ठेही लागतात. 128 जीबीच्या जुन्या एसएसडीवर, त्यातही निम्मी जागा विंडोजकडे असताना, हा हिशेब करावा लागतो. आयएसओतही तेच दिसते: उबुंटू 24.04 ची फाइल 6 जीबीच्या घरात जाते, मिंट 22 ची 3 जीबीच्या आत राहते. मेमरी मी काटेकोरपणे मोजलेली नाही, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर सिनॅमनमध्ये ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एकत्र उघडल्यावर जो मोकळेपणा राहतो, तो ग्नोममध्ये तितका राहत नसे. 4 जीबीचेच यंत्र असेल तर सिनॅमनऐवजी मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी.

एवढे लिहूनही काही जणांनी उबुंटूच घ्यावे असे मी म्हणेन. लॅपटॉप अगदी नवा असेल, पडदा जास्त घनतेचा असेल, त्याला वेगळ्या घनतेचा दुसरा मॉनिटर जोडायचा असेल किंवा स्पर्शाने आणि टचपॅडवरच्या बोटांच्या खुणांनी काम करायची सवय असेल, तर ग्नोम आणि वेलँड (पडद्यावर चित्र उमटवणारी नवी यंत्रणा) यांची जोडी आज अधिक तयार आहे. मिंट 22 च्या सिनॅमनमध्ये वेलँड अजून प्रायोगिक म्हणूनच दिलेले आहे. संगणकशास्त्राचे किंवा सर्व्हरचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही उबुंटू सोयीचे जाते, कारण पुष्कळ सॉफ्टवेअरच्या सूचना थेट त्याला धरून लिहिलेल्या असतात. उबुंटू प्रो ही सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे आणि ती घेतल्यास सुरक्षेचा आधार दहा वर्षांपर्यंत वाढतो, हेही विसरू नये. उबुंटूविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. नेट महाग आणि मंद होते त्या काळात उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने मोफत पाठवल्या जात. 2011 मध्ये ती योजना थांबेपर्यंत त्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत आणि वसतिगृहांत पोहोचल्या, आणि अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्याच सीडीवरून.

तरीही जुना लॅपटॉप, मोजका डेटा आणि विंडोजची सवय या तीन गोष्टी तुमच्याकडे असतील, तर मिंटपासून सुरुवात करावी, असे माझे मत झुकते. मिंटवर शिकलेले पुढे उबुंटूवर वाया जात नाही, कारण एपीटी, फायलींची रचना, परवानग्या हे सगळे तेच आहे.

निवड पक्की करण्याआधी दोन्ही आयएसओ पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवून पाहाव्यात आणि त्या अवस्थेतच प्रिंटर जोडून एक पान छापून घ्यावे. आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसणारा एचपी लेसरजेट 1020 लिनक्सवर चालतो, पण त्याला एचपीचे एक वेगळे प्लगइन लागते आणि ते उतरवायला त्या वेळी नेट सुरू असावे लागते. काही लेसर प्रिंटरांचे ड्रायव्हर मात्र लिनक्सवर नीट मिळतच नाहीत, आणि हे डिस्क पुसण्याआधी कळलेले बरे. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. उबुंटू बसवा किंवा मिंट, नंतर विंडोज सुरू करताना ती मागितली जाऊ शकते.