रस्ता उचलायचा की रात्री बंद ठेवायचा?

जंगलातल्या रस्त्यावर चितळ-सांबर वाचवायचे दोन उपाय आपल्या देशात चालू आहेत. पेंचमध्ये मनसर-खवासा पट्ट्यात महामार्ग ४४ उचलून खालून वाट सोडली. अशा ९ जागा, रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ गाड्याच बंद. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या सुटतात.

पेंचच्या कॅमेऱ्यांत २०१९ साली १८ जातींचे प्राणी टिपले गेले, सर्वांत जास्त चितळ. रुंदी इथे कामाला येते. पलीकडचा उजेड दिसला की कळप पाऊल टाकतो. डोक्यावरची घरघर मात्र रात्रभर चालूच.

बंदीला काँक्रीट लागत नाही, फाटक पुरतं. बंदीपूरच्या रस्त्याने ये-जा करणारे केरळातल्या वायनाडकडचे लोक कुरकुरतात, तेही खोटं नाही. पण दिवसाचं काय? कडेचं गवत छाटलं की कोवळे फुटवे येतात आणि चितळं डांबराला खेटून चरतात. हॉर्न वाजला तर एखादी मान वर होते, बाकीच्यांचं खाणं सुरूच. पाडस तेवढं बिचकून भलत्याच बाजूला धावतं.

माझं मत? चौपदरी होणारच असेल तर रस्ता उचला. जुन्या दुपदरीला फाटकच बरं.