डोंबिवलीत वन आरके की बदलापुरात वन बीएचके?

भाड्याचं बजेट आठ-नऊ हजारांचं आणि नोकरी दादर-परळकडे असेल, तर मध्य रेल्वेवर शोध बहुतेक वेळा या दोन घरांवर येऊन थांबतो. एक, डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येईल असा जुन्या इमारतीतला वन आरके. दुसरं, जवळपास तेवढ्याच पैशांत बदलापुरातल्या लिफ्टवाल्या कॉम्प्लेक्समधला वन बीएचके. मी दोन्हीकडे भाड्याने राहिलोय. आकडे वर्षागणिक हलतात, पण दोन गावांमधला फरक साधारण असाच राहतो.

नुसतं घर बघायचं तर बदलापूर सरळ पुढे आहे, त्यात वादच नको. खिडकीतून डोंगर दिसतो, आई-वडील आठवडाभर राहायला आले तर त्यांना वेगळी खोली देता येते. डोंबिवलीत पाहुणे आले की जेवणं उरकून टीपॉय ओट्याखाली सरकवायचा आणि मग गाद्या घालायच्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी ठरलेल्या वेळी, जुलै लागला की बाथरूमच्या भिंतीला ओल. मालकाला सांगावं तर ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारय, आता कशाला खर्च?’ हे उत्तर ठरलेलं. तेवढं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कराराच्या अकरा महिन्यांच्या आत खोली खाली करावी लागणार नाही ना, हे एजंटला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

माझा निर्णय झाला तो दादर स्टेशनवरच्या इंडिकेटरखाली.

डोंबिवलीत राहत होतो तेव्हा इंडिकेटरवरचं, गाडी कुठवर जाणार ते सांगणारं अक्षर मी फारसं बघायचोच नाही. के, ए, बीएल, टीएल, एएन, एस, एन यांतलं काहीही लागलं तरी चालायचं. फास्ट डोंबिवलीला थांबते ना, एवढं बघितलं की झालं. कल्याण-अंबरनाथच्याही पुढे, बदलापूरला गेल्यावर त्यातल्या बीएल आणि एस, म्हणजे बदलापूर आणि कर्जत, एवढ्याच गाड्या माझ्या उरल्या. अधूनमधून एखादी खोपोली. बाकीच्या समोरून जाताना बघायच्या. रात्री ऑफिसमधून निघायला दहा मिनिटं उशीर झाला की घरी पोचायला तासाभराचा व्हायचा. अंबरनाथ लागली की मोह होतोच: चला, तिथवर तर जाऊ, पुढचं पुढे. मग अंबरनाथच्या फलाटावर उभं राहून मागून येणाऱ्या कर्जतची वाट बघायची, आणि ती दारापर्यंत भरून येते.

याचं कारण साधं आहे. कल्याणपर्यंत रूळ पुरेसे आहेत, पण तिथून कर्जतकडे दोनच, आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेसही त्यांवरूनच धावतात. बदलापूरपर्यंत तिसरी-चौथी मार्गिका होणार आहे. ती सुरू झाली की माझं हे म्हणणं शिळं होईल. तोवर मेल पुढे काढायची म्हणून कल्याणच्या अलीकडे-पलीकडे लोकल थांबवून ठेवतात, आणि डब्यात कुणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांना सवय झालेली असते.

सकाळचं गणित मात्र उलटं आहे, हेही सांगायला हवं. बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसून जाता येतं. डोंबिवलीला सकाळी आठच्या सुमाराला फास्टमध्ये चढणं हा स्वतंत्र विषय आहे; मी मुकाट्याने डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरायचो, वेळ जास्त गेला तरी. तुमची वेळ सकाळी ठरलेली आणि संध्याकाळीही ठरलेली असेल, तर कदाचित तुम्हाला माझ्याइतका त्रास होणारही नाही.

पैशांत बदलापूर दिसतं तेवढं स्वस्त पडत नाही. नव्या कॉम्प्लेक्समध्ये मेंटेनन्स बऱ्याचदा भाड्याच्या वर मागतात, आणि बदलापुरातलं कात्रप असो वा सोनिवली, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाचे रोजचे पैसे आलेच. पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाला घर बघत असाल तर तळमजला टाळा. २००५ आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं ते जवळच्या किराणा दुकानदाराला विचारलंत तर तो बोटाने दाखवेल. कराराचं दोन्हीकडे सारखंच. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, तरी खर्च निम्मा-निम्मा करायची रीत आहे. मालक नोंदणीऐवजी नोटरीवर भागवू म्हणाला तर ऐकू नका.

घरून काम असेल, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत असेल किंवा घरात लहान मूल असेल तर बदलापूर घ्या, मी अडवणार नाही. मी स्वतः सामान उचलून पुन्हा डोंबिवलीला आलो, टीपॉय आजही रात्री ओट्याखाली जातो. तुम्ही टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी, रोज निघता त्या वेळी दादरहून निघून त्या घराच्या दारापर्यंत एकदा जाऊन बघा. एजंट घर दाखवायला नेतो रविवारी दुपारी, तेव्हा गाडीही रिकामी असते आणि रिक्षाही उभ्या असतात.