डॅपी की होक्स्ट ३३३४२?

पेशींची केंद्रकं रंगवायची आहेत, डॅपी आणि होक्स्ट ३३३४२ या दोन्ही चमकणाऱ्या रंगांच्या बाटल्या समोर आहेत, कुठली घेऊ? एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही रंग डीएनएच्या अरुंद खाचेत, ए-टी (अॅडेनिन-थायमिन) जोड्या जास्त असतील तिथे बसतात. दोन्ही ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने उजळतात आणि ४६० जवळ निळे चमकतात. म्हणजे फिल्टरही तोच.

खरा फरक पेशीपटलापाशी. होक्स्ट मेदस्नेही असल्याने जिवंत पेशीत सहज शिरतो. डॅपी तिथे अडखळतो, मात्रा वाढवावी लागते. पण हेच अडखळणं फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे प्रवाहातल्या पेशी एकेक करून प्रकाशाने तपासताना, कामी येतं: कमी मात्रेत तो मुख्यतः फाटक्या पटलाच्या, म्हणजे मेलेल्या पेशींत जातो. होक्स्टचीही एक खोड आहे. एबीसीजी२ हा पंप असलेल्या पेशी त्याला बाहेर फेकतात; काही मूळपेशी अशाच ओळखल्या जातात, मात्र हे ठाऊक नसेल तर फिकं केंद्रक पाहून फसगत होते.

मेहनत सारखीच. मूळ द्रावण पाण्यात करा, फॉस्फेट बफरमध्ये साका बसू शकतो. अतिनील प्रकाश बराच वेळ पडला तर दोन्ही रंगांचे काही रेणू हिरवे चमकू लागतात, म्हणून हिरव्या चॅनेलचं चित्र आधी घ्या. हा क्रम चुकला तर फार महागात पडतं.

स्थिरीकरण केलेल्या (रसायनाने मारून आहे तशा टिकवलेल्या) पेशींच्या स्लाइडला डॅपी. जिवंत पेशींच्या थोड्या वेळाच्या निरीक्षणाला होक्स्ट. रात्रभर चित्रण करायचं असेल तर दोन्ही नकोत. अतिनील प्रकाशाने पेशींच्या डीएनएला इजा होते, तिथे दूर-लाल, म्हणजे वर्णपटाच्या लाल टोकाच्या प्रकाशावर चालणारा, रंग शोधा.